मोटरहोमची बाहेरची बाजू : धुलाई, सांधे आणि चकाकी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : काही वर्षे वापरलेल्या मोटरहोमचे (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे) पांढरे अंग निस्तेज झाले असून त्यावरून हात फिरवला की बोटांना पांढरी पूड लागते, खिडक्यांखाली आणि छपराच्या कडेखाली काळे ओघळ दिसतात व धुतल्यानंतरही पहिल्याच पावसात ते परत येतात, रबराच्या कडांवर शेवाळ धरले आहे. अशा वेळी प्रेशर वॉशर आणि स्वयंपाकघरातील तेलकटपणा काढणारे जहाल द्रावण वापरून हे सारे एकदाचे साफ करावे का, आणि वॅक्स किती वेळा लावावे? प्रेशर वॉशर गाडीच्या भिंतींवर वापरू नये, ते द्रावण गाडीजवळही आणू नये आणि वॅक्स वर्षातून साधारण दोनदा लावावे, एवढे उत्तर एका वाक्यात देता येते. मात्र त्यामागची कारणे समजली नाहीत तर ओघळ परत येतच राहतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

साध्या मोटारीचे अंग बहुतांशी रंगवलेल्या पोलादी पत्र्याचे असते. मोटरहोमचे किंवा कॅरॅव्हॅनचे (मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घराचे) अंग मात्र अनेक पदार्थांचे तुकडे सीलंटने (फटी बुजवणाऱ्या चिकट पदार्थाने), पट्ट्यांनी आणि स्क्रूंनी एकमेकांना जोडून तयार झालेले असते आणि त्यात खिडक्या, झरोके, दिवे, फ्रिजच्या जाळ्या व गॅसच्या कप्प्याचे दार यांसाठी ठिकठिकाणी छेद घेतलेले असतात. भिंत बहुधा सँडविच पद्धतीची असते : बाहेर फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, मध्ये फोम आणि आत प्लायवूडचा थर. घाणीने गाडीची शोभा जाते, पण एखाद्या सांध्यातून पाणी आत शिरले की भिंतच जाते. त्यामुळे धुण्याची प्रत्येक पायरी ‘याने घाण निघेल का’ या एकाच कसोटीवर न घासता ‘याने सांध्याचे काय होईल आणि हाताखालच्या पदार्थाचे काय होईल’ या कसोटीवरही पारखावी लागते.

म्हणून सुरुवात पदार्थ ओळखण्यापासून करावी. व्हॅनच्या चासीवर बांधलेल्या मोटरहोममध्ये पुढची केबिन रंगवलेल्या पोलादाची आणि मागचा राहण्याचा भाग फायबरग्लासचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. पुढचे-मागचे बंपर आणि कोपऱ्यांवरचे आकार पुष्कळदा एबीएस प्लॅस्टिकचे असतात. राहण्याच्या भागातील खिडक्या काचेच्या दिसत असल्या तरी बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात, तर केबिनची समोरची काच खरी काच असते. छप्पर फायबरग्लासचे, अ‍ॅल्युमिनियमचे किंवा ईपीडीएम अथवा टीपीओ प्रकारच्या रबरी पडद्याचे असू शकते. आपल्या गाडीत काय आहे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. अंदाजावर काम करू नये, कारण एका पदार्थाचे औषध दुसऱ्याचे विष ठरते.

पाणी सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे तयारीसाठी द्यावीत. बाहेरून घेतलेली वीज तोडावी आणि जोडणीच्या खोबणीचे झाकण नीट बसले आहे का ते पाहावे. छपरावरचे झरोके व सर्व खिडक्या पूर्ण बंद कराव्यात. फ्रिजच्या बाहेरील जाळ्यांना त्यांची झाकणे लावावीत, कारण त्या जाळीमागे बर्नर आणि विजेच्या जोडण्या असतात; धुणे संपल्यावर ही झाकणे आठवणीने काढावीत, अन्यथा फ्रिजला लागणारी हवा खेळणार नाही. गॅसच्या कप्प्याच्या तळाशी असलेली छिद्रे मात्र कधीही कायमची बुजवू नयेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो याच छिद्रांतून खाली निघून जातो, आणि चिखलाने किंवा कोळ्याच्या जाळ्याने ती बुजली असतील तर धुताना ती मोकळी करणे हे चकाकीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे काम आहे. गाडी सावलीत उभी असावी आणि तिचे अंग हाताला थंड लागावे. तापलेल्या पृष्ठभागावर शाम्पू वाळून त्याचे डाग पडतात.

आपल्या काळ्या ओघळांचे मूळ भिंतीवर नसून छपरावर आहे. छपरावर बसलेली धूळ, धूर व झाडांचा कचरा पावसाच्या पाण्याबरोबर कडेला येतो, जुन्या सीलंटमधून आणि रबरातून सुटणारे चिकट अंश त्यात मिसळतात आणि पन्हळीच्या टोकाशी किंवा खिडकीच्या कोपऱ्याशी तो प्रवाह भिंतीवरून उतरतो. छप्पर ईपीडीएमचे असेल तर ऊन लागून त्याच्या वरच्या थराची पूड सुटते आणि पांढुरक्या ओघळांची त्यात भर पडते. हा त्या पदार्थाचा स्वभावच आहे. खालचा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा बाहेरचा चकचकीत थर, तुकतुकीत असता तर यातील बरेचसे वाहून गेले असते, पण आपल्या गाडीचा जेलकोट उन्हाने सच्छिद्र झाला आहे, त्यामुळे तो ही घाण धरून ठेवतो. म्हणजे छप्पर न धुता भिंत धुणे आणि भिंतीचा सच्छिद्रपणा न घालवता ओघळ पुसणे, ही दोन्ही कामे अर्धवट आहेत.

छपराचे काम शक्य तो पक्क्या शिडीवरून, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने करावे. शिडी पन्हळीवर किंवा ऑनिंगच्या (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताच्या) पट्टीवर टेकवू नये; ती पट्टी वाकली की तिच्यामागचा सांधा उघडतो. पुष्कळ गाड्यांची छपरे माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेलीच नसतात आणि ज्यांची असतात त्यांवरही ओल्या शाम्पूवर पाय घसरायला वेळ लागत नाही. उत्पादकाने परवानगी दिली असेल आणि वर जाणे भागच असेल तर वजन पसरण्यासाठी प्लायवूडचा तुकडा खाली घ्यावा, छप्पर कोरडे असावे आणि खाली दुसरी व्यक्ती उभी असावी. रबरी छपरावर पेट्रोलियमजन्य द्रावक किंवा लिंबूवर्गीय तेलांवर आधारलेली क्लीनर वापरू नयेत. ईपीडीएम त्यांनी फुगते आणि चिकटवलेला पडदा उचलला जातो. सौम्य शाम्पू आणि भरपूर पाणी पुरेसे असते. सोलर पॅनेल गार असताना साध्या पाण्याने धुवावे, आणि त्याची वायर जिथून छपरात शिरते त्या डबीच्या कडा निरखून पाहाव्यात.

छप्पर झाल्यावर भिंती घ्याव्यात. प्रथम संपूर्ण बाजू कमी दाबाच्या नळीने वरून खाली भिजवून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी; या टप्प्यावर कापड लावले तर तीच धूळ पॉलिश कागदाचे काम करते. त्यानंतर उदासीन पीएचचा वाहनांसाठीचा शाम्पू घ्यावा. रस्त्यावरचा तेलकट थर जाड असेल आणि त्यासाठी वेगळे द्रावण फवारायचे असेल तर ते खालून वर लावावे, कारण वरून फवारलेले द्रावण खालच्या मळकट भागावरून ओघळून कायम दिसणाऱ्या रेषा पाडू शकते. धुऊन काढताना मात्र पाणी नेहमी वरूनच सोडावे. एका बादलीत शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी ठेवावे व मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. चाकांजवळच्या खालच्या पट्ट्यासाठी वेगळा मोजा असलेला बरा. भांड्यांचा साबण काही जण सर्रास वापरतात. तो वॅक्सचा थर उतरवतो, म्हणून नियमित धुण्यासाठी मी तो सुचवत नाही. आपण म्हणता ते तेलकटपणा काढणारे द्रावण बहुधा तीव्र अल्कधर्मी असते. त्याने अ‍ॅल्युमिनियम काळवंडू शकते, वॅक्स उतरते आणि ते खिडकीवर उडाले तर त्याची किंमत वेगळीच मोजावी लागते.

खिडक्यांबद्दल सर्वाधिक काळजी घ्यावी, असे माझे मत आहे. धुण्यात चुकून बिघडलेल्या आणि पुन्हा दुरुस्त न होणाऱ्या वस्तूंमध्ये त्यांचा क्रमांक पहिला लागतो. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा बरेच मऊ असते, त्यामुळे ते कोरडे पुसणे म्हणजे ओरखडे काढणेच होय. त्याहून गंभीर गोष्ट अशी की चौकटीत बसवताना आणि वाकवताना त्यात ताण राहिलेले असतात आणि अल्कोहोल, अमोनिया असलेले काचेचे क्लीनर, पेट्रोल, थिनर किंवा डांबर काढणारे द्रावण लागले की त्या ताणांच्या जागी आतवर जाणाऱ्या केसाएवढ्या भेगांचे जाळे उमटते. वरवरचा ओरखडा फार बारीक पाण्याच्या पॉलिश कागदाने आणि अ‍ॅक्रिलिकसाठीच्या पॉलिशने बऱ्याच अंशी घालवता येतो. ही जाळी घालवता येत नाही, खिडकीच बदलावी लागते. म्हणून खिडकीवर साधे पाणी आणि तोच सौम्य शाम्पू, आणि स्वच्छ ओले मायक्रोफायबर, यापलीकडे काही नको. चिकटलेले किडे किंवा पक्ष्यांची विष्ठा असेल तर ओले कापड दहा-पंधरा मिनिटे त्यावर ठेवून मऊ होऊ द्यावे, खरवडू नये. दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीत मधल्या पोकळीत बाष्प दिसत असेल तर घाबरू नये. अनेक खिडक्यांना आतल्या बाजूने छोटी रबरी बुचे असतात, ती कोरड्या उबदार दिवशी काढून ठेवली की बाष्प निघून जाते.

आता प्रेशर वॉशर. घरगुती यंत्राच्या पाण्याचा दाब साधारण १०० ते १५० बार असतो. गाडीचे सांधे, खिडक्यांची रबरे आणि झरोक्यांच्या कडा वरून पडणारे व धावत्या गाडीवर आदळणारे पावसाचे पाणी अडवण्यासाठी बनवलेल्या असतात. जवळून येणारी अशी धार त्यांनी परतवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. धार फटीत शिरते, थोडेसे सुटलेले सीलंट उचलते, चिकटवलेल्या ग्राफिक्सच्या कडा सोलते, आणि पाणी आत गेल्याचे आपल्याला काही महिन्यांनी कळते. त्यामुळे हे यंत्र चाके, मडगार्डची आतली बाजू आणि चासी यांच्यापुरते ठेवावे, तिथेही टायरच्या भिंतीवर, बेअरिंगवर आणि विजेच्या जोडण्यांवर जवळून धार मारू नये. समुद्रकिनाऱ्यावरून किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यांवरून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणे मात्र चुकवू नये.

शेवाळासाठी जहाल ब्लीच वापरण्याचा मोह होतो. हायपोक्लोराइट अ‍ॅल्युमिनियमला खाते आणि सीलंट व रबर कडक करते. शाम्पूचे कोमट पाणी, जुना मऊ टूथब्रश आणि थोडा धीर यांनी पट्ट्यांच्या खाचांतील शेवाळ निघते. न निघालेल्या भागासाठी कॅरॅव्हॅनकरिता बनवलेले शेवाळनाशक घ्यावे. खाच साफ करताना खिडकीच्या चौकटीखालची आणि पन्हळीच्या टोकाची पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी आहे ना, हे पाहावे. पन्हळीच्या टोकाला पाणी भिंतीपासून दूर टाकणारी छोटी चोच लावता येते. आपल्या ओघळांवर या साध्या तुकड्याचा परिणाम कोणत्याही महागड्या द्रावणापेक्षा अधिक दिसेल.

धुऊन पुसलेली गाडी ही सांधे तपासण्याची सर्वोत्तम वेळ असते, आणि ती तपासणी पॉलिशच्या आधी करण्याला एक ठोस कारण आहे : अनेक पॉलिश व वॅक्समध्ये सिलिकॉन असते आणि त्याचा अंश राहिलेल्या जागी नवे सीलंट धरत नाही. छपराच्या झरोक्यांच्या कडा, कोपऱ्यांवरच्या पट्ट्या, ऑनिंगच्या पट्टीची टोके, वरचे छोटे दिवे, मागचे दिवे आणि खिडक्यांच्या वरच्या कडा या क्रमाने नजर फिरवावी. सीलंटला भेग, कडेला सुटलेला ओठ किंवा बोटाने दाबल्यावर ठिसूळ लागणे, ही बदलाची लक्षणे आहेत. पट्टीतील स्क्रूंवर बसवलेली प्लॅस्टिकची फीत आकसून टोकाशी आखूड झाली असेल, किंवा एखाद्या स्क्रूखाली तांबूस डाग उतरला असेल, तर पाणी त्या स्क्रूपर्यंत पोहोचले आहे असे समजावे. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत पोलादी स्क्रू असेल तर दोन भिन्न धातूंमुळे त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमते, तिच्याकडेही दुर्लक्ष करू नये.

जुन्या भेगाळलेल्या सीलंटवर नवे चोपडणे हा उपाय नसून लपवाछपवी आहे. जुने प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढावे, जागा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी करावी आणि मगच नवे भरावे. पट्ट्यांच्या खाली, जिथे भाग पुन्हा काढावा लागू शकतो, तिथे न कडकणारे ब्युटाइल सोयीचे असते. कायमच्या जोडासाठी पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर घेतात. आडव्या छपरावर आपोआप पसरणारे सीलंट चालते, पण उभ्या भिंतीवर ते ओघळते. न्हाणीघरातील साधे सिलिकॉन येथे वापरू नये, कारण पुढे त्याच्या अंशावर दुसरे काहीही चिकटत नाही.

आतून ओलावा मोजण्याचे यंत्र असेल तर याच वेळी भिंतीच्या कोपऱ्यांना व खिडक्यांच्या कडांना लावून पाहावे. ढोबळमानाने १५ टक्क्यांपर्यंत चिंता नसते, २० टक्क्यांच्या वर मूळ शोधावे आणि ३० टक्क्यांच्या पुढे आतले लाकूड कुजू लागलेले असण्याची शक्यता मोठी असते. पाणी चौकटीच्या कडेने सरकत जाते, त्यामुळे ओल जिथे दिसते तिथेच ते शिरले असेल असे नाही; शोध नेहमी वरच्या दिशेने घ्यावा. बाहेरून भिंत फुगीर किंवा दाबल्यावर पोकळ लागत असेल तर आतले थर सुटले आहेत आणि ते काम कारागिराचे आहे. ओल सापडल्यास बाहेरचा सांधा घाईने बंद करून पाणी आतच कोंडू नये. पावसाचे पाणी तात्पुरते अडवून आधी भिंत वाळू द्यावी.

आता निस्तेज अंगाकडे येऊ. जेलकोटचा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि अतिनील किरणांनी त्याचा वरचा भाग मरतो. तीच आपल्या बोटाला लागणारी पूड. हा मेलेला थर रबिंग कंपाउंडने काढावा लागतो, नंतर बारीक पॉलिशने चकाकी आणावी लागते आणि शेवटी वॅक्सने किंवा पॉलिमरच्या संरक्षक लेपाने ती झाकावी लागते. पूड न काढता वॅक्स लावले तर आठवडाभर छान दिसते, इतकेच. गाडीच्या एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात आधी चाचणी घ्यावी आणि सर्वांत सौम्य कंपाउंडने काम भागते का ते पाहावे. नवख्या हाताने पॉलिशचे फिरते-डुलते यंत्र घ्यावे. केवळ गोल फिरणारे यंत्र कडांवर क्षणात उष्णता निर्माण करून जेलकोट जाळते. दीड-दोन फुटांचा चौकोन एका वेळी घेऊन, कडा व कोपरे हाताने करावेत. रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर आणि केबिनवर हाच उत्साह दाखवू नये, तिथला रंगाचा थर जेलकोटपेक्षा कितीतरी पातळ असतो. डाग पुसण्याचे पांढरे मेलामाइन स्पंज लोकप्रिय आहेत, पण ते अतिशय बारीक पॉलिश कागदासारखेच काम करतात. त्यांनी डागाबरोबर तुकतुकीही जाते. जेलकोटमध्ये ताऱ्यासारख्या भेगा असतील तर त्या पॉलिशने जात नाहीत, जेलकोट भरूनच दुरुस्त कराव्या लागतात.

वॅक्स वर्षातून दोनदा, शक्य तो उन्हाळ्याच्या तोंडावर आणि गाडी दीर्घकाळ उभी करण्यापूर्वी लावावे. पण तारखेपेक्षा पाण्याकडे पाहावे : धुताना थेंब गोळा होऊन घरंगळत असतील तर थर शाबूत आहे, पाणी पसरून राहात असेल तर संपला आहे. छपरावर वॅक्स लावू नये, ते घसरडे होते. खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवर लावू नये, पांढरे डाग पडतात. अ‍ॅक्रिलिक खिडकीवरही, त्यासाठीच बनवलेले नसेल तर, लावू नये. सिरॅमिक थर टिकाऊ असतो, मात्र खालचा पृष्ठभाग निर्दोष नसेल तर तो दोषच जपून ठेवतो, त्यामुळे आपल्या गाडीला तो सध्या घाईचा ठरेल.

रबरांना सिलिकॉनवर आधारित वंगण द्यावे, पेट्रोलियम जेली देऊ नये. ऑनिंग ओली गुंडाळावी लागली तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवावी, नाहीतर बुरशी धरते. टायरांना पेट्रोलियमयुक्त चकाकी लावू नये. त्यांची नक्षी खोल दिसली तरी ऊन आणि वय त्यांना मारते. टायरच्या बाजूवरील ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेतील शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा २३वा आठवडा, आणि पाच ते सात वर्षांनंतर टायर बदलण्याचा विचार करावा. कॅरॅव्हॅन असणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी : मोटारीला जोडणारे कपलिंग आतल्या पॅडच्या घर्षणाने डोलणे रोखणारे असेल तर ते ज्या गोळ्यावर बसते त्यावर ग्रीस मुळीच नको, ग्रीस, तेल किंवा रंगाचा अंश राहिला तर त्या पॅडचे कामच थांबते.

गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल तर आच्छादन हवा खेळू देणारे असावे आणि ते धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घालावे. मळक्या गाडीवर वाऱ्याने हलणारे कापड खिडक्यांवर ओरखडे पाडते, आणि प्लॅस्टिकची ताडपत्री ओलावा कोंडून शेवाळाला घर करून देते. आच्छादन नसेल तर गाडी झाडाखाली उभी करू नये आणि एक टोक किंचित उंच ठेवून उभी करावी, म्हणजे छपरावर पाणी साचून न राहता पन्हळीच्या चोचीतून भिंतीपासून दूर पडेल.